अकोल्यातला दुसरा अंतरा

वीसेक मुले एकत्र गात असताना बाकी सर्वांचा सूर एक आणि एकीचा वेगळा ऐकू आला, तर चुकले कोण असे मानावे? हे प्रकरण मी या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहायला घेतले. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आणि मोजमापाचा निर्णय हात वर करून होत नसतो, हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत आले. पण त्या दिवसाचे मोजमाप कोणी घेतले नव्हते आणि आता ते घेता येणार नाही. म्हणून जे पाहिले, जे ऐकले आणि जे फार उशिरा ध्यानात आले, ते त्याच क्रमाने मांडते. ती एकटी मुलगी म्हणजे माझी थोरली बहीण सुमन.

आमचे घर अमरावतीच्या कडेला, आमच्याच बागेत होते. बाग म्हणजे शोभेची नव्हे, पोटाची. एका अंगाला शेवंती, झेंडू आणि गलांडा, दुसऱ्या अंगाला वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे बाबा फुलांची टोपली सायकलला बांधून बाजारात जात, आणि संध्याकाळी उरलेल्या फुलांचे हार करायला आम्ही सगळे ओसरीवर बसत असू. माय सुई वापरत नसे, केळीच्या सोपटाचा दोर करून त्यावर फुले गाठत असे. तिची बोटे चालू असताना तिला हाक मारलेली चालत नसे. चुलीवर अंबाडीची भाजी रटरटत असे, आणि कळण्याच्या भाकरीचा जरासा करपलेला वास फुलांच्या वासात मिसळून जाई. आजही एखाद्या लग्नात शेवंतीचा हार जवळ आला की मला भूक लागते. हे शेजारी बसलेल्यांना सांगून उपयोग नसतो.

या सगळ्याच्या मागे एक आवाज सतत असे. तो विहिरीवरच्या मोटारीचा. विहिरीच्या काठाखाली दगडी कट्ट्यावर ती बसवलेली होती. वीज आली की बाबा कळ दाबत आणि मोटार एका सुरात गुणगुणू लागे. तो आवाज विहिरीच्या पोकळीत घुमून भोवतीच्या बांधापर्यंत पसरे. आम्हाला तो ऐकू येत नसे, असेच म्हणायला हवे. जे नेहमी असते त्याकडे कान जात नाही. तो थांबला की मात्र सगळ्यांना कळे. माय आतून विचारी, "काहून वो, लाइन गेली का?"

सुमनचे मात्र तसे नव्हते. ती अगदी लहान असल्यापासून मोटार सुरू झाली की विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन बसे आणि गाई. रेडिओवर, पानठेल्यावर, लग्नाच्या मंडपात ऐकलेली सिनेमाची गाणी तिला एकदोनदा ऐकून येत. लाइन गेली की ती थांबे. मी एकदा विचारले, "काहून थांबली वं?" ती म्हणाली, "संगं कोनी नाई तं कशी गाऊ?" मला तेव्हा वाटले, ती माझी चेष्टा करते आहे.

आमच्या शाळेत इंगोले सर मराठी शिकवत आणि गाण्याचे वृंद बसवत. देशभक्तीची गीते सगळ्याच शाळा म्हणतात, असे त्यांचे मत होते. मुलांना जे आवडते तेच त्यांच्याकडून नीट गाऊन घ्यावे, म्हणून ते आमच्याकडून चित्रपटगीते बसवून घेत. यातली त्यांची पद्धत निराळी होती. आमच्याकडे वाद्ये नव्हती, तेव्हा गाण्याच्या सुरुवातीचे आणि मधले संगीतही मुलांनीच तोंडाने म्हणायचे. कोणी बासरी, कोणी सतार, कोणी व्हायोलिन. माझ्याकडे बासरी होती. गजानन नावाचा एक गलेलठ्ठ मुलगा ढोलक होता आणि गाल फुगवून असा ठेका धरत असे की पुढच्या रांगेच्या मानेवर थुंकी उडे. "सर, या ढोलकाले फडकं बांधा," असे पुढच्या मुली म्हणत. सर म्हणत, "ढोलक भिजलं तं वाजत नाई, एवढं ध्यानात ठेव रे गज्या." सर पेटीवर फक्त पहिला सूर देत, नेहमी पांढरी पाच ही पट्टी, आणि मग भाता बंद करून पेटीचे झाकण लावत. झाकण लावण्याचा तो आवाज हीच आमची सुरुवात असे. पेटीविना अख्खे गाणे, वाद्यांसकट, हाच आमच्या वृंदाचा लौकिक होता आणि सरांचा थोडासा अभिमानही.

त्या वर्षी जे गाणे जिकडेतिकडे वाजत होते, तेच सरांनी अकोल्याच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी निवडले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही. वाचकांनी आपल्या त्या वयातले कोणतेही गाणे तिथे ठेवावे, निष्कर्षात फरक पडत नाही. रचना मात्र लक्षात ठेवावी: धृपद आणि पहिला अंतरा सर्वांनी मिळून, त्यानंतर तोंडाने वाजवलेले लांबलचक संगीत, मग दुसरा अंतरा सुमनने एकटीने उचलायचा आणि शेवटी पुन्हा सर्वांनी तिच्यात मिसळायचे.

सुमनला गाणे रीतसर शिकायचे होते. राजापेठेकडे एक बाई शिकवत असत. सुमन महिनाभर बाबांच्या मागे लागली होती. बाबा नाही म्हणणाऱ्यातले नव्हते, पण जे आपल्याला कळत नाही त्यावर आपण ठरवू नये, असा त्यांचा नियम होता. बियाणे घेतानाही ते दुकानदाराचे नव्हे, पिकवलेल्या माणसाचे ऐकत. ते म्हणाले, "मले गान्यातलं काई समजत नाई बाई. तू आपली पोरगी हायेस म्हून मले गोडच लागन. अकोल्याले ज्याईले समजते ते बसतीन ना? ते काय म्हनतात ते मी सोता ऐकतो. त्याईनं चांगलं म्हटलं तं दुसऱ्याच दिवशी शिकवनी लावून देतो." सुमन मला म्हणाली, "बाबाचं बोलनं म्हंजे कागदावर सही." ते खरेच होते.

स्पर्धा दिवाळीच्या सुटीनंतर लगेच होती आणि सुटीत शाळेला कुलूप. तेव्हा सरांनी तालमी आमच्या बागेत घ्यायचे ठरवले. कडुलिंबाखाली सावली होती, प्यायला विहिरीचे पाणी होते आणि माय सगळ्यांना फोडणीचे पोहे किंवा ताजी काकडी देत असे. एकच अडचण होती. सर म्हणाले, "दादा, तेवढी मोटार बंद ठेवता आली तर पाहा. मुलांना त्रास होतो." बाबा ओशाळून म्हणाले, "सर, लाइन याच टायमाले येते. आता पानी नाई देलं तं शेवंती वाळते." सर हसले. "असू द्या. पोट्टे जोरानं गातीन." आणि आम्ही जोराने गायलो. त्या तालमी इतक्या सुरेख झाल्या की सर अखेरीस पेटी उघडून तपासत, तेव्हा आमचा शेवटचा सूर आणि पेटीचा सूर एकमेकांवर बरोबर बसलेले असत. "पहा," सर म्हणत, "आता तुम्हाला पेटीची गरज उरली नाही." आम्हाला ते पटले. ते न पटण्याचे कोणतेच कारण आमच्यापाशी नव्हते.

अकोल्याला आम्ही एसटीने मूर्तिजापूरवरून गेलो. मायने दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिली होती. गजाननने बडनेरा सुटायच्या आतच आपला वाटा संपवला आणि मग प्रत्येकाच्या डब्यात डोकावत राहिला. बाबा नवे धोतर नेसून मागच्या बाकावर बसले होते. मांडीवर पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांचे पुडके होते आणि दर थोड्या वेळाने ते त्यावर पाणी शिंपडत होते. सुमन खिडकीशी बसली होती. तिने काही खाल्ले नाही. मी विचारले तर म्हणाली, "घसा जड होते व." मग बराच वेळ ती तोंड मिटून काहीतरी गुणगुणत होती. मला वाटले, अंतरा म्हणते आहे. पण तो एकच सूर होता, न हलणारा.

सभागृह एका मोठ्या शाळेचे होते. छत उंच, पंखे बंद, समोर अनोळखी माणसे. सरांनी पांढरी पाच दिली आणि झाकण लावले. आम्ही धृपद उचलले. आम्ही चांगले गात होतो, असे मला वाटत होते, आणि माझ्या डावीकडच्या मुलीलाही तसेच वाटत असणार, कारण आम्ही दोघी सुराच्या एकाच जागी होतो. पहिला अंतरा झाला. मधले संगीत सुरू झाले, माझी बासरी, मग व्हायोलिन, मग गजाननचा ठेका. आणि मग सुमनने दुसरा अंतरा उचलला.

तो वेगळा पडला. याहून नेमका शब्द माझ्याकडे नाही. तो आमच्या वर होता. जिन्याची पायरी संपली असे समजून पाऊल टाकावे आणि तिथे आणखी एक पायरी निघावी, तसे सगळ्यांच्या अंगाला झाले. पुढच्या रांगेतली मुले मागे वळून पाहू लागली. सभागृहात कुठेतरी खुसखुस झाली. सुमन थांबली नाही. तिने डोळे मिटले आणि जिथे होती तिथेच राहिली. शेवटी आम्ही तिच्यात मिसळायचे, तेव्हा आम्ही आमच्या जागेवरून मिसळलो आणि ती तिच्या जागेवर. एकाच गाण्याच्या दोन प्रती एकमेकांवर तिरप्या छापल्यासारखे ते ऐकू आले. मी तिच्या हाताला हात लावून उभी होते. मी तिच्याकडे जाऊ शकत नव्हते, कारण मला ती जागा सापडत नव्हती. आणि ती आमच्याकडे येत नव्हती.

निकाल देणारे गृहस्थ वयस्क आणि सौम्य होते. हे मी आवर्जून लिहिते, कारण वाचक त्यांच्यावर रागावतील. ते म्हणाले, "अमरावतीच्या या मुलांची कल्पना फार गोड आहे आणि मेळही उत्तम आहे. फक्त दुसरा अंतरा ज्या मुलीला दिला, तिचा सूर लागत नाही. तिला समूहात ठेवावे, एकटीने गायला देऊ नये. हे मी तिच्या भल्यासाठी सांगतो." आम्हाला उत्तेजनार्थ एक लहानसा चषक मिळाला. टाळ्या वाजल्या. मी बाबांकडे पाहिले. ते मान हलवत होते. नाराजीने नव्हे. औषधाच्या दुकानात गोळ्या कशा घ्यायच्या ते समजून घेणाऱ्या माणसासारखी ती मान हलत होती.

नंतर आम्हाला बसायला दिलेल्या वर्गखोलीत सरांनी पेटी उघडली. "सुमन, अंतरा म्हण." तिने म्हटला. सरांनी पट्टी दाबली. सूर तंतोतंत जुळला. सर बराच वेळ पट्टीवरून बोट न उचलता बसून राहिले. मग गजाननला आणि बाकीच्या मुलांना म्हणाले, "तुम्ही म्हणा धृपद." पण तोवर पेटीचा सूर सगळ्यांच्या कानात गेला होता, आणि मुलांनी तेही बरोबरच म्हटले. तपासणी तिथेच संपली. सर तरीही परीक्षकांकडे गेले. परत आले तेव्हा चष्मा पुसत होते. "ते म्हणतात, इथे बरोबर लागला म्हणजे तिथे लागला होता असं नाही. आणि समूहात गाणाऱ्यानं समूहाचं ऐकावं. त्यांचंही चूक नाही. मी तुमच्यासमोर उभा राहून तुमच्यासंगंच तोंड हलवत होतो. तुम्ही सुराच्या खाली उतरले असाल तं मीपण उतरलो असन. मी काय साक्ष देऊ?"

त्यांनी बाबांना मात्र स्पष्ट सांगितले, "दादा, मला वाटते पोरगी बरोबर होती."

बाबा हात जोडून म्हणाले, "सर, तुमी तिचे सर हा. तुमी तसंच म्हनान. माया पोटची हाये म्हून माया कानाचा भरोसा मीच धरत नाई, तं तुमच्या कसा धरू?"

मी म्हणाले, "बाबा, मी तिच्या बाजूले होती. तिचा आवाज हालला नाई. मी आयकलं."

"तू तं तिची बहीनच हायेस," बाबा म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर भांडता आले असते.

उरली सुमन. तिलाच विचारावे, म्हणून सर तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "मले नाई समजलं सर. सगळे एकीकडे अन् मी एकीकडे. मीच चुकली असन."

शिकवणी लागली नाही. त्यावर घरात वादही झाला नाही. बाबांनी शब्द दिला होता आणि तो त्यांनी पाळला. दुसऱ्या दिवशी लाइन आली, मोटार सुरू झाली, सुमन ओसरीवर मायजवळ हार गाठत बसली. माय म्हणाली, "जा ना व, तुह्या लिंबाखाली." सुमन म्हणाली, "ऊन हाये." कार्तिकातले ऊन ते. मायने हातातला दोर खाली ठेवला, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा उचलला. सरांनी तिला वृंदात परत बोलावले, घरी येऊन बोलावले. ती काही दिवस आली. पण तिची एक नवी सवय आम्हा सगळ्यांना दिसू लागली. सूर लावण्याआधी ती शेजारणीच्या तोंडाकडे पाही. शेजारीण सुरुवात करी, ती कुठे आहे हे सुमन ऐके आणि मग हळूच तिथे जाऊन बसे. आता ती कधीच वेगळी पडत नव्हती. तिचा आवाज वृंदात आहे की नाही, हेही कळत नव्हते. थोड्याच दिवसांत ती यायची बंद झाली, आणि पुढे दोनेक वर्षांनी तिचे लग्न शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागायतदाराकडे झाले.

माझ्या ध्यानात जे आले ते फार पुढे, मी स्वतः शाळेत ध्वनीचा पाठ शिकवू लागल्यावर. मुले पेटीविना गाणे गातात तेव्हा ती थोडी थोडी उतरत जातात, हे मी वर्गात अनेकदा तपासले. सगळी मिळून उतरतात, म्हणून कोणालाच कळत नाही. नावेतल्या माणसांना नाव वाहते आहे हे काठ पाहिल्याशिवाय समजत नाही, तसेच हे आहे. इतके कळूनही माझी अडचण सुटत नव्हती. आम्ही तर तालमीत कधीच उतरलो नव्हतो. सरांनी रोज तपासले होते. मग अकोल्यालाच का उतरावे?

एका सुटीत मी माहेरी गेले होते. माय-बाबा तेव्हा राहिले नव्हते, इंगोले सरही. बाग आता धाकटा भाऊ पाहत होता. त्याच्या मुलासाठी आणलेली पेटी ओसरीवर होती आणि मी सहज पांढरी पाच दाबली. त्याच वेळी लाइन आली आणि भावाने मोटार सुरू केली. दोन्ही सूर जवळजवळ एक झाले. मोटारीचा किंचित वर होता, इतकाच की दोघांत एक मंद लाट हलत राहिली. मी पट्टी दाबूनच बसले. तालमीत आम्हाला पेटीची गरज नव्हती, कारण आमच्याजवळ मोटार होती. आम्ही तिच्यावर जोराने गात होतो आणि ती आम्हाला धरून होती. अकोल्याला जाताना आम्ही चटणी नेली, हार नेले, पेटीही नेली. मोटार मात्र विहिरीवर राहिली.

हे सांगायला जगात एकच माणूस उरले होते. मी शेंदूरजनाघाटला गेले. सुमन खळ्यात संत्री निवडत बसली होती, मोठी एकीकडे, डागी एकीकडे. तिची नात आत मोबाइलवर गाण्याचे नुसते संगीत लावून शाळेच्या वृंदाची तयारी करत होती. आताच्या मुलांना ते संगीत शेवटपर्यंत धरून ठेवते. त्यांच्यातले कोणी एकटे पडणार नाही, याचे मला बरे वाटले. विहिरीकडून आवाज नव्हता. तिथे आता पाण्यात बुडालेला पंप आहे, त्याचे गुणगुणणे वर येत नाही.

मी सगळे नीट, वर्गात सांगते तसे क्रमाने सांगितले. सुमनचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे तुमी सारे मोटारीच्या भरोशावर गात होते," ती म्हणाली.

"हो. आणि तिथे मोटार नव्हती, म्हणून आम्ही उतरलो. तू नाही उतरलीस."

"पन मले तं आयकू येत होती." तिने एक संत्रे हातात धरून ठेवले. "तथी. अकोल्याले. मले वाटलं, सगळ्याईलेच येऊन राहिली."

मग ती म्हणाली, "आता सांगून काय कराचं व शालू. बाबा असते तं गोष्ट अलग होती." आणि डागी संत्र्यांची टोपली पायाने सरकवली.

मी म्हणाले, "एकदा अंतरा म्हण. माझ्यासाठी."

ती नाही म्हणाली नाही. तिने हात पदराला पुसले, नीट बसली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. ती माझी वाट पाहत होती. शेवटी मीच सुरुवात केली आणि ती हळूच माझ्या सुरात येऊन बसली. मी जिथे होते तिथे. माझा सूर बरोबर होता की नाही, ते तपासायला जवळ पेटी नव्हती.

यावरून त्या दिवशी सुमन बरोबर होती असे मी मानते, पण मी तिची बहीण आहे. तेव्हा वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. आपल्या गल्लीतली, शाळेतली दहावीस मुले गोळा करावीत, त्यांच्या आवडीचे एखादे गाणे घ्यावे, पेटीवर एक सूर देऊन पेटी बंद करावी आणि गाणे पुरे होऊ द्यावे. मग तीच पट्टी पुन्हा दाबून पाहावी. मध्येच एखादे मूल वेगळे ऐकू आले, तर त्याला काही सांगण्याआधी पट्टी दाबावी.